दंडाचा शिरा

शहराच्या गोत्री भागातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दर गुरुवारी दत्ताचं भजन होई, आणि त्या भजनाला एक कायदा होता. रागात जो सूर नाही तो ज्याच्या तोंडून निघेल, त्याने पुढच्या गुरुवारी पातेलंभर शिरा करून आणायचा. सबब चालत नसे. घसा बसला होता, नातू रडला म्हणून लक्ष गेलं, पंख्याचा आवाज येत होता, काही ऐकून घेतलं जात नसे. शिरा म्हणजे शिरा.

कायदा केला होता गोविंदराव तावड्यांनी. बाजव्याजवळच्या रिफायनरीत चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले, मुलाच्या फ्लॅटमध्ये गोत्रीला राहायला आले, आणि येताना सामानाआधी पेटी आणली. दोन महिन्यांत भजन उभं केलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत सगळ्यांनी शिरा केला. तबल्यावर बसणाऱ्या हिंमतराव घोरपड्यांनी तर विचारूच नका. त्यांचे पूर्वज गायकवाडी फौजेत होते, तो दणका त्यांच्या आवाजात अजून आहे, आणि कोरसमध्ये तोंड उघडलं की शिरा ठरलेला. "आमच्याकडे रवा किलोने येत नाही, गोणीने येतो," असं ते स्वतःच सांगत. शिरा कधीच केला नव्हता असा एकच माणूस होता. कोण, ते सांगायला नको.

तर त्या माणसाच्या उजव्या अंगावरून वैशाखात वारं गेलं. हलकंच गेलं, देवाची कृपा. बोलणं पंधरा दिवसांत परत आलं, पाय दोन महिन्यांत. पण उजव्या हाताची बोटं काही केल्या ऐकेनात. चहाचा कप धरायचा तर डावा हात पुढे. पेटीचा भाता डाव्या हाताने ओढता येईल, पण पट्ट्यांवर बोटं कोणाची नाचवायची? पेटी कोपऱ्यात गेली. गळा मात्र शाबूत होता, आणि ती गोष्ट गोविंदरावांपेक्षा त्यांच्या बायकोला, विमलआजींना, जास्त ठाऊक होती. न्हाणीघरातून येणारं गुणगुणणं त्याच ऐकत ना!

"आपली श्रद्धा वाजवते की दिवसभर ते तुणतुणं," आजी म्हणाल्या. "बसेल तुमच्या शेजारी. तुम्ही नुसतं गा."

श्रद्धा म्हणजे नात. वीस वर्षांची, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. गिटार ती मोबाईलवर बघून बघून शिकलेली.

"गिटार? दत्तापुढे?" गोविंदरावांनी भुवया वर केल्या.

"दत्ताने चोवीस गुरू केले. त्याला एक गिटार जड होते का?"

आठवडाभर घरात सराव झाला. आजोबांचा षड्ज काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा. श्रद्धाने पहिल्या घरात कॅपो लावला, म्हणजे गिटारच्या मानेला तो चिमटा, आणि सूर जुळवून घेतला. भजन होतं भूपातलं, चालही आजोबांनी स्वतः बांधलेली. "भूप म्हणजे पाच सूर," त्यांनी बजावलं. "सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. ते दोघं भूपाच्या घरात पाऊल टाकत नाहीत." श्रद्धा हो हो म्हणाली. लहानपणी त्यांनीच तिला पेटीवर सरगम शिकवली होती, पण पाचवीत ट्यूशन लागली आणि सरगम मागे पडली. सरावाला तिने एकच कॉर्ड धरली, सा-ग-प एकदम वाजवणारी, आणि तीच हळूहळू छेडत राहिली. आजोबा मजेत गायले. सगळं छान होतं हो.

पण पोरीला जोश आला. अकरा वर्षं ज्या भजनात आजोबांना मानाने बसलेलं बघितलं, तिथे त्यांच्या शेजारी बसायचं, आणि वाजवायचं काय, तर एकच कॉर्ड? लोक काय म्हणतील? बुधवारी तिने मोबाईलवर शोधलं. 'तीन कॉर्डमध्ये कुठलंही गाणं' असं काहीतरी सापडलं. बोटं कुठे ठेवायची त्याची चित्रं होती, कॉर्ड वर्षभरापासून बोटांत बसलेल्याच. चित्रांचा क्रम तिने पाठ केला.

गुरुवारी हॉल भरला होता. आजोबा कितीतरी महिन्यांनी गाणार म्हणून समोरच्या इमारतीतले लोकही आले होते. आजोबांनी डोळे मिटले, सुरुवात केली. पहिलं कडवं उत्तम गेलं. दुसऱ्यात आवाज पंचमावर येऊन थांबतो, आणि तिथून धैवत घेऊन वर षड्जाला जातो. आजोबा पंचमावर आले आणि श्रद्धाने मोठ्या दिमाखात दुसऱ्या चित्रातली कॉर्ड सहाही तारांवर दणक्यात वाजवली. आजोबांचा आवाज वर निघाला. धैवतावर गेलाच नाही. थेट निषादावर जाऊन टेकला.

भूपात निषाद. गोविंदराव तावड्यांच्या तोंडून.

तबला अडखळला. श्रद्धाला तर आधी कळलंच नाही काय झालं. आजोबांनी डोळे उघडले, सगळ्यांकडे एकदा बघितलं, कडवं कसंबसं संपवलं आणि पाण्याचा पेला मागितला. मग हिंमतराव बोलले, अगदी मायेने बोलले. "जवा दो ने, जाऊ द्या, गोविंदराव. आजारातून उठलाय. वय झालं की होतं असं."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं! ज्याने अकरा वर्षं एक सबब ऐकून घेतली नाही, त्याच्यासाठी आता लोक सबब शोधत होते.

घरी आल्यावर आजोबा म्हणाले, "अगं, पुढच्या गुरुवारसाठी शिरा कर. पातेलंभर."

"कोणासाठी?" आजींनी विचारलं, आणि त्यांचा चेहरा बघून रव्याचा डबा खाली काढला.

शिरा श्रद्धाने नेऊन दिला. आजोबा गेले नाहीत. हॉलमध्ये सगळ्यांनी द्रोण घेतले, खाली मान घालून खाल्ला. हिंमतराव, जे दुसऱ्यांदा घेतल्याशिवाय उठत नाहीत, त्यांनी अर्धा द्रोण तसाच ठेवला. "त्यांना सांग," ते म्हणाले, "शिरा चांगला झालाय. आणि सांग, दत्तजयंतीला गायचंय." श्रद्धाने निरोप सांगितला. आजोबांनी खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं.

"दत्तजयंतीला पेटी मंडळाला देऊन टाकू. कोणीतरी वाजवेल. कान गेला माझा. हात गेला त्याचं एवढं नाही, पण कान गेल्यावर माणसाने गाऊ नये. लोकांना त्रास."

दत्तजयंती तीन आठवड्यांवर होती. त्या तीन आठवड्यांतले दोन आजोबांनी पेपर वाचण्यात घालवले. न्हाणीघरातलं गुणगुणणं बंद झालं. आजी खंडेराव मार्केटमधून लीली म्हणजे ओली हळद, तुवेरीच्या कोवळ्या शेंगा, त्यांच्या आवडीचं सगळं आणत होत्या, आणि आजोबा "छान आहे" म्हणून ताट बाजूला सारत होते. श्रद्धा कॉलेजला जायची, यायची, गिटार कपाटावर ठेवलेली. तिला आतून काहीतरी टोचत होतं. आजोबांच्या शेजारी आपण होतो, आपण नसतो तर त्यांना असं झालं असतं का? पण नेमकं काय झालं ते तिला सांगता येत नव्हतं. तिने काय केलं होतं? चित्रातल्याप्रमाणे बोटं ठेवली होती. चित्र चुकीचं नव्हतं, तिने तीनदा ताडून पाहिलं होतं.

एका दुपारी आजी म्हणाल्या, "श्रद्धा, पेटी पुसून ठेव गं. द्यायची तर स्वच्छ द्यावी." आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या.

श्रद्धाने पेटीवरचं कापड काढलं. पट्ट्या पुसल्या. पुसता पुसता भाता ओढला, काळी एक दाबली. सा. लहानपणीचं बोट आपोआप पुढे गेलं. रे, ग. आणि मग तिच्या मनात आलं ते अगदी साधं होतं, इतकं साधं की तीन आठवडे ते सुचलं नाही याची तिला नंतर लाज वाटली. तिने गिटार काढली, कॅपो लावला, आणि ती दुसऱ्या चित्रातली कॉर्ड धरली. या वेळी दणक्यात वाजवली नाही. एकेक तार छेडली आणि तो सूर पेटीवर शोधला.

जाड तार. पेटीवर पंचम. ठीक.

दुसरी तार. पेटीवर बोट पुढे सरकलं, धैवतही ओलांडून गेलं. निषाद.

तिने पुन्हा वाजवून पाहिलं. निषादच. पुढची तार रिषभ, मग पंचम, आणि त्यानंतरची पुन्हा निषाद! एक नव्हे, दोन निषाद. भूपाच्या घरात तिने तो वर्ज्य सूर जोडीने घुसवला होता, तोही भर सभेत, आजोबांच्या कानापासून हातभर अंतरावर. वर्षभर ती कॉर्ड वाजवत होती. त्या चित्राच्या आत कोणते सूर राहतात, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

आजोबांचा कान गेला नव्हता. कान इतका शाबूत होता की शेजारी वाजलेला सूर त्यांनी लगेच उचलला. आजारानंतर आवाजाला आधार हवा होता, आणि आधार देणारीनेच त्यांना खड्ड्यात नेलं होतं.

ती धावत बाहेरच्या खोलीत गेली. "आजोबा, तो निषाद माझा होता! माझ्या कॉर्डमध्ये होता. तुमचं काही चुकलं नाही."

आजोबांनी पेपर खाली केला. तिच्याकडे बघून हसले, आणि ते हसणं बघून श्रद्धाला रडूच आलं. "गुणाची पोर आहेस," ते म्हणाले. "पण म्हाताऱ्याची समजूत काढू नये बाळ. जे झालं ते झालं."

आता आली का पंचाईत! खरं सांगितलं तर ते मायेपोटी केलेली थाप ठरतंय. श्रद्धा आत जाऊन गिटार घेऊन आली आणि त्यांच्या खुर्चीच्या मागे, त्यांना दिसणार नाही अशी, जमिनीवर बसली.

"आजोबा, काळी एकचा सा आहे. एकेक तार वाजवते. फक्त सूर सांगा."

"कशाला?"

"परीक्षा आहे माझी. सांगा ना."

तिने जाड तार छेडली. मग पेपरची घडी झाल्याचा आवाज आला.

"पंचम."

दुसरी तार.

"निषाद." आवाजात जरा शंका होती. श्रद्धाने पुढची छेडली. "रिषभ." पुढची. "पंचम." पाचवी. "निषाद पुन्हा." सहावी. "वरचा पंचम. अगं, हे काय वाजवतेस?"

"बरोबर का ते पेटीवर बघू?"

"पेटीवर काय बघायचंय? मी सांगतोय ना! निषाद म्हणजे नि—" आणि आजोबा थांबले.

श्रद्धाने सहाही तारा एकदम वाजवल्या. त्या गुरुवारी वाजवल्या होत्या तशाच.

आजोबा खुर्चीतून उठले. हळूहळू मागे वळले. चेहरा लाल झाला होता. "म्हणजे," ते म्हणाले, "मी पंचमावर उभा, आणि तू, माझी सख्खी नात, दोन दोन निषाद घेऊन... गाढवे! अक्कल गहाण टाकली होतीस? भूप म्हणजे पाच सूर, सांगितलं होतं की नाही? सांगितलं होतं की नाही!"

"सांगितलं होतं," श्रद्धा रडत आणि हसत म्हणाली.

"मग? कुठल्या मूर्खाने शिकवलं तुला हे?"

"कोणी नाही. मोबाईलने."

"फेकून दे तो मोबाईल!"

स्वयंपाकघराच्या दारात आजी उभ्या होत्या. हातात पीठ तसंच. कित्येक दिवसांनी घरात आवाज चढला होता. आत जाऊन त्यांनी आधणात दोन कप पाणी वाढवलं, आलं ठेचलं, आणि डोळे पुसले.

चहा पिता पिता आजोबांनी चौकशी सुरू केली. गिटारवर भूपाला साथ करता येतच नाही, की येते? श्रद्धाने सांगितलं की मूळ कॉर्ड तीन सुरांची असते. सा-ग-प धरली तर तिन्ही सूर भूपातले. पण एकच एक वाजवून कंटाळा येतो, म्हणून लोक दुसऱ्या कॉर्डवर जातात, आणि मध्यम-निषाद तिथून घुसतात. दुसरीकडे न जाता याच कॉर्डमध्ये एखादा सूर वरून मिसळायचा, अशीही रीत आहे. "एकाला ॲड नाइन म्हणतात."

"नऊ कुठून आले? सूर सातच."

"सातनंतर वरचा सा आठवा, त्याच्या पुढचा नववा."

"म्हणजे वरचा रिषभ! मग तसं म्हण ना. धर."

तिने सा-ग-प धरली आणि करंगळी बारीक बाजूने दुसऱ्या तारेवर टेकवली. रिषभ मिसळला. आजोबांनी डोळे मिटले. "हं. सा जागेवर, ग जागेवर, प जागेवर. वाईट नाही." त्यांना आता चैन पडेना. "आता धैवत घाल बघू."

श्रद्धाने बोट हलवून धैवत घातला. आजोबांनी लगेच हात वर केला. "पंचम कुठे गेला?"

"अं?"

"पंचम होता ना मघाशी? आता ऐकू येत नाही."

श्रद्धाने बोटांकडे पाहिलं. खरंच की! ज्या तारेवर पंचम वाजत होता, तीच दाबून तिने धैवत काढला होता. मोबाईलवरच्या चित्रात तसंच होतं.

"पाहुणा आला म्हणून घरच्याला बाहेर झोपवतात का?" आजोबा म्हणाले. "पाट वाढव. पंचमाला दुसरीकडे बसव."

श्रद्धाने शोधलं. करंगळी ताणून सगळ्यात बारीक तारेवर नेली. बोटं दुखली, पण पंचम परत आला, धैवतही राहिला. मग आजोबांचं पुढचं फर्मान निघालं, दोन्ही पाहुणे एकदम. यावर तिला जवळजवळ तासभर लागला. पहिल्या बोटाने दोन तारा आडव्या दाबायच्या, तिसऱ्याने दोन, मधलं बोट षड्जावर. शेवटी जमलं. पाच तारा तिने वरून खाली एकेक करत सोडल्या. सा. ग. ध. रे. प.

डाव्या हाताने आजोबांनी उजव्या हाताची बोटं धरली होती.

"पाच तारा, पाच सूर," ते म्हणाले. "अगं, हा अख्खा भूप आहे. आणि तुला तो एका हातात धरता येतो."

उरलेले सहा दिवस त्या फ्लॅटमध्ये दुसरं काही झालं नाही. श्रद्धाच्या बोटांना घट्टे पडले, तिच्या सबमिशनचे तीन तेरा वाजले, आणि आजींना रोज दोनदा जास्तीचा चहा करावा लागला. आजोबा मात्र सरावात फक्त सांगत, स्वतः गळा उघडत नव्हते. श्रद्धाने एकदा विचारलं. "त्या दिवशी बघू," एवढंच म्हणाले. कान शाबूत आहे हे त्यांना पटलं होतं. पण गळा पुन्हा भुलणार नाही याची त्यांना खात्री नव्हती, आणि ते श्रद्धाला कळत होतं.

दत्तजयंतीला हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. आजोबांना आलेलं बघून हिंमतरावांनी तबल्यावर हातोडी मारता मारता जोरात हाक दिली, "या, या! शिरा विसरलात का घरी?" आणि मग आपण काय बोललो ते कळून जीभ चावली. आजोबा नुसते हसले.

भूप सुरू झाला. श्रद्धाने सा-ग-प धरली. आजोबांचा आवाज आधी जरा दबकत आला, मग मोकळा झाला. तिने रिषभ मिसळला, काढला. धैवत मिसळला, पंचमाला बारीक तारेवर बसवून. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. दुसरं कडवं आलं. आजोबा पंचमावर येऊन उभे राहिले, इथूनच गेल्या वेळी ते घसरले होते, आणि नेमक्या त्या क्षणी श्रद्धाला तेच आठवलं. वर्षभराची सवय असलेली बोटं आपली आपण जुन्या जागी जाऊन बसली. सहा तारा वाजल्या. दोन निषाद, पुन्हा जोडीने, सगळ्या हॉलला ऐकू गेले.

हिंमतरावांचा हात अर्धवट वर राहिला. आजींनी डोळे घट्ट मिटले. श्रद्धाला वाटलं, संपलं. मी पुन्हा त्यांना बुडवलं.

आजोबा पंचमावरून हलले नाहीत. निषाद त्यांच्या कानाशी वाजत होता आणि ते पंचम धरून बसले होते, लांब, सरळ, श्वास पुरेल तेवढा. डोळे उघडून त्यांनी नातीकडे पाहिलं. रागाने नव्हे. थांबलोय, ये, असं म्हणत असल्यासारखं. तिने बोटं उचलली, सा-ग-प पुन्हा धरली, करंगळी रिषभावर टेकवली. ती आल्यावर मगच त्यांनी पंचम सोडला, धैवत घेतला, आणि वरच्या षड्जावर जाऊन पोचले. हॉलमध्ये कोणीतरी "वाह!" म्हणालं. हिंमतरावांनी अशी थाप मारली की समोरची समई हलली.

भजन संपलं. आरती झाली. आजोबांनी घसा खाकरला आणि सगळे गप्प झाले, कारण हे खाकरणं सगळ्यांच्या ओळखीचं होतं. निकाल देण्याआधीचं.

"मागचा शिरा माझ्या नावावर लागला होता," आजोबा म्हणाले. "तो चुकून लागला. निषाद माझ्या शेजारून आला होता. पण तोंड माझं होतं, म्हणून दंड भरला तो बरोबरच भरला. आज मात्र माझं तोंड साफ आहे." त्यांनी श्रद्धाकडे बोट दाखवलं. उजव्या हाताचं, जरा वाकडं. "कायदा तोंडाला तसाच तारेला. पुढच्या गुरुवारी शिरा हिच्याकडे."

"अहो, घाबरली असेल पोर," हिंमतराव म्हणाले. "पहिलीच वेळ, त्यात एवढे लोक..."

"सबब नाही."

श्रद्धा डोळे पुसत होती. "मला शिरा येत नाही, आजोबा."

"आजी शिकवेल. गुठळ्या झाल्या तरी हे सगळे खातील, अकरा वर्षं हिंमतरावांचा खाल्लाय त्यांनी." हॉल हसला. आजोबांनी डाव्या हाताने तिच्या गिटारवरचा कॅपो नीट बसवला आणि जवळ वाकून हळूच म्हणाले, "दोन निषाद होते. तेव्हा दोन पातेली."